यीस्टचे 'पेशीआवरण' की 'पेशीपटल'?

प्रश्न : पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना मी यीस्टच्या पेशीबाबत 'पेशीआवरण' हा शब्द सरसकट वापरला. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने "कोणते?" एवढेच लिहून तो परत पाठवला. योग्य शब्द कोणता?

उत्तर : बाईंचा प्रश्न रास्त आहे, कारण यीस्टला दोन आवरणे असतात. बाहेरची, मुख्यतः ग्लुकान (शर्करेच्या लांब साखळ्या) आणि मॅनोप्रथिने (शर्करा जडलेली प्रथिने) यांची बनलेली टणक भिंत ही 'पेशीभित्तिका'. तिच्या आत लगटून असलेला, जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाडीचा, मेदरेणूंचा दुपदरी आणि प्रथिने जडलेला थर हे 'पेशीपटल', म्हणजेच शालेय पुस्तकांतले 'प्रद्रव्यपटल'. आवरण नुसते झाकते. पटल मात्र आत काय घ्यायचे आणि बाहेर काय टाकायचे हे ठरवते. मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाच्या थेंबात यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे : जिवंत पेशी रंगाला बाहेर थोपवते, थोडाफार शिरलेला रंगहीन करते आणि पांढरी दिसते, तर शेजारची मेलेली पेशी निळीशार होते. भित्तिका दोघींचीही शाबूत असते. तिथे 'आवरण' लिहिले, तर वाचकाने काय समजायचे?

'पटल' म्हटले की सभागृहाचे पटल आठवते, ही तक्रार मी ऐकली आहे. पण 'स्मृतिपटल' चालवून घेणाऱ्यांनी ती करू नये.

प्रश्न : आभारी आहे. त्याच मजकुरात 'एर्गोस्टेरॉल' आहे. वाचकांच्या ओळखीचे म्हणून 'कोलेस्टेरॉल' लिहिले तर?

उत्तर : ते चूक ठरेल. आपल्या पेशीपटलात जे काम कोलेस्टेरॉल करते, ते यीस्टच्या पटलात एर्गोस्टेरॉल करते, आणि अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक औषध या फरकावरच चालते. ते एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट धरते. शिवाय हा रेणू घडवायला यीस्टला प्राणवायू लागतो, त्यामुळे हवाबंद टाकीतल्या किण्वनाविषयी लिहिताना नावाची गल्लत झाली, तर पुढचा सगळा कार्यकारणभाव कोलमडतो. शब्द तितका परकाही नाही. राय धान्यावरच्या एर्गट बुरशीवरून हे नाव पडले आणि मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कोंबड्याच्या पायाचा काटा असा आहे, कारण रोगट कणसातून तसाच काळा काटा बाहेर येतो. बाजरीवरच्या अशाच रोगाला आपले शेतकरी 'अरगट' म्हणतात. तेव्हा 'एर्गोस्टेरॉल' तसेच ठेवावे, आणि हवे तर पहिल्या उल्लेखापाशी अरगटाची आठवण करून द्यावी.