मदत हवी आहे: जामिनावर सुटलेल्या मुलांसाठीचा आमचा उपक्रम खरंच उपयोगी पडतोय का, हे कसं तपासायचं?

शेवंती

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. बाल न्याय मंडळासमोर ज्यांची प्रकरणं चालू आहेत आणि जी जामिनावर घरी आली आहेत, अशा मुलांसोबत आम्ही साधारण वर्षभर असतो. घरभेटी, गटसत्रं, बटण गोळ्या (नशेच्या गोळ्या) किंवा व्हाइटनरची सवय असेल तर समुपदेशकाकडे नेणं, शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवणं, नाहीतर गॅरेजवर किंवा एसी दुरुस्तीवाल्याकडे उमेदवारीला लावणं, असं काम आहे. वर्षाला तीस-पस्तीस मुलं येतात. बहुतेक चोरी आणि मारामारीतली, थोडी गंभीर गुन्ह्यांतली.

आमचे देणगीदार आता विचारतात, "किती टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला नाही?" प्रश्न रास्त आहे. आमच्या वार्षिक अहवालात किती सत्रं झाली, हजेरी किती, प्रमाणपत्रं किती, एवढंच असतं. तो आमच्या धावपळीचा हिशोब झाला. मुलाच्या आयुष्यात काय बदललं, हे त्यातून कळत नाही. देणगीदार राहू द्या, मला स्वतःला हे जाणून घ्यायचं आहे. या मुलांचं वर्ष फार मोलाचं असतं. आपल्यामुळे त्यांचं भलं होतंय असं नुसतं समजून चालणं मला पटत नाही.

अडचणी अशा. आमच्याकडे नियमित येतात ती मुलं मुळातच ज्यांच्या आया खमक्या आहेत अशी. न येणाऱ्यांशी त्यांची तुलना केली की आकडे छान दिसतात, पण ते श्रेय आईचं की आमचं? दुसरं, मुलगा अठराचा झाला की पुढचं प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं आणि मंडळाच्या नोंदवहीत त्याचं नाव पुन्हा दिसतच नाही. मग तो "सुधारला" म्हणायचा का? तिसरं, वस्तीत काहीही घडलं की पोलीस आधी याच मुलांना उचलतात. भटक्या-विमुक्तांच्या पालांवरची मुलं तर हमखास. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पालावर येणारी जीप तशीच येते. नुसत्या अटकेवरून मोजलं तर आम्ही मुलगा मोजतोय की पोलीस ठाण्याची सवय?

शिवाय देणगीदारांकडून सूचना आली आहे की प्रत्येक गटाला एकदा मध्यवर्ती कारागृह दाखवून आणा, कैद्यांशी बोलू द्या, म्हणजे धाक बसेल. पुण्यात कल्याणीनगरच्या २०२४ मधल्या अपघातानंतर, अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून जो संताप उसळला, तेव्हापासून "मुलांना धाक हवा" हे प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. दोन जीव गेले होते, लोकांचा राग मला कळतो. पण धाकाने खरंच फरक पडतो का?

कुणी असं मूल्यमापन केलं असेल, संख्याशास्त्राची माहिती असेल किंवा कायद्याची बाजू माहीत असेल, तर कृपया सांगा.

निवृत्त परिविक्षा अधिकारी

शेवंतीताई, आयुष्यभर हेच काम केलं म्हणून लिहितो. उपक्रम तपासण्याआधी तो ज्या व्यवस्थेत बसलाय ती तपासा.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची माहिती, द्यायची आहे. चौकशी चार महिन्यांत संपवायची आहे, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात संपली नाही तर प्रकरणच बंद होतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पाहताच. तीन तालुक्यांना एक परिविक्षा अधिकारी असेल तर अहवाल एका भेटीत, कधी फोनवर उरकला जातो. त्या अहवालावर वैयक्तिक काळजी योजना बनते आणि तिच्यावर तुमचं काम. पायाच कच्चा असला तर तुम्ही काय करणार?

म्हणून आधी दिवस मोजा. पहिल्या हजेरीपासून अहवालापर्यंत किती, मंडळाने तुमच्याकडे पाठवल्यापासून पहिल्या घरभेटीपर्यंत किती, मुलाला किती तारखा पडल्या आणि त्यातल्या किती काही कामकाज न होता पुढे ढकलल्या. गॅरेजवरचा मुलगा दर तारखेला रोजंदारी बुडवतो. चौथ्या-पाचव्या खेपेला मालक म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस. तुमची वर्षभराची मेहनत तिथे वाहून जाते. प्रलंबित प्रकरणांचा दर तीन महिन्यांनी आढावा घेण्याची तरतूद कलम १६ मध्ये आहे. तुमच्याकडचे दिवसांचे तक्ते मुलांची नावं न घालता जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांना द्या. माझ्या अनुभवात ढिलाई तारीखवार कागदावर आली की हलते.

आकडेमोड

मी सार्वजनिक आरोग्यात मूल्यमापनाचं काम करते, पद्धत तीच लागू पडेल.

आधी कारागृह भेटीबद्दल, कारण ते तातडीचं आहे. कृपया करू नका. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात १९७० च्या दशकात हा प्रकार सुरू झाला. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडायचे, तुरुंगातले हाल सांगायचे. त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि ठिकठिकाणी नक्कल झाली. पुढे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेले असे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. देणगीदारांना हे लेखी कळवा.

आणखी एक उदाहरण तुमच्या मूळ प्रश्नाला थेट भिडतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत पाचशेवर मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतला एक मुलगा नाणेफेकीने उपक्रमात घेतला. घरभेटी, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, अगदी मायेने केलेलं काम. संशोधिका जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं. मोठ्या झालेल्या बहुतेकांनी सांगितलं की उपक्रमाचा फायदा झाला. पण दारूचं व्यसन, आजार, पुन्हा केलेले गुन्हे पाहिले तर मदत मिळालेला गट न मिळालेल्यापेक्षा वाईट स्थितीत होता. मुलं आणि पालक खूश आहेत, हा पुरावा पुरेसा नाही, एवढं यातून घ्या. सगळी मदत घातक असते असा याचा अर्थ नाही. पुढच्या अनेक अभ्यासांत कौशल्य शिकवणारे, कुटुंबाला सोबत घेणारे आणि जास्त जोखमीच्या मुलांवर भर देणारे उपक्रम धाक-शिस्तीच्या उपक्रमांपेक्षा सरस ठरले आहेत.

आता तुलनेचं. मंडळाने पाठवलेली सगळी मुलं मोजा. दोनदा येऊन गायब झालेलाही तुमच्याच खात्यात. फक्त टिकलेल्यांना मोजलं की आईचं श्रेय तुमच्या नावावर जमा होतं. जागांपेक्षा पात्र मुलं जास्त असतील तर मंडळाच्या संमतीने चिठ्ठ्या काढा आणि उरलेल्यांना पुढच्या फेरीत घ्या; त्यांना एरवी मिळणाऱ्या सेवा चालूच राहतील. ते जमत नसेल तर उपक्रम सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत त्याच मंडळासमोर आलेली, त्याच वयाची, तशाच गुन्ह्यांतली मुलं तुलनेला घ्या. पद्धत कमजोर आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. दोन्ही गटांसाठी कालावधी सारखा ठेवा, सुटकेपासून बारा महिने. त्या काळात अठरा पूर्ण करणाऱ्यांचा हिशोब वेगळा मांडा, सुधारलेल्यांत घालू नका.

तीस मुलांवरून टक्केवारीच्या गप्पा मारू नका. तीसपैकी सहा आणि तीसपैकी नऊ हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तीन-चार वर्षांची मुलं एकत्र करा, शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थेशी एकच नमुना ठरवून घ्या. आणि "पुन्हा गुन्हा" हा एकच रकाना ठेवू नका. चौकशीला नेलं, गुन्हा नोंदला, मंडळाने दोषी ठरवलं, असे वेगळे रकाने करा. गुन्हा पहिल्यापेक्षा हलका की जड आणि किती महिन्यांनी, तेही लिहा. नुसती उचलाउचल आणि सिद्ध झालेला गुन्हा यांतली दरी मोठी निघाली, तर ती पोलिसांच्या सवयीची नोंद आहे, आणि तीही कामाची आहे.

वकिली डायरी

कायद्याची बाजू थोडक्यात. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छोट्या तालुक्यात "पारधी समाजाचा, सोळा वर्षांचा, मोबाइल चोरीतला" एवढ्यावर गाव मुलगा ओळखतं, त्यामुळे देणगीदारांच्या अहवालात कहाण्या देताना फार जपा. मंडळासमोरचे अहवाल कलम ९९ नुसार गोपनीय असतात, तेव्हा जुन्या प्रकरणांची माहिती हवी असेल तर मंडळाकडे रीतसर अर्ज करा. आणि लवकर करा: कलम २४ प्रमाणे बहुतेक मुलांच्या दोषसिद्धीच्या नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. मुलाच्या भविष्यासाठी ते योग्यच आहे, अभ्यासासाठी त्याला वेठीला धरू नये. प्रत्येक मुलाला सांकेतिक क्रमांक द्या, क्रमांक-नाव जुळवणारी वही एकाच व्यक्तीकडे कुलुपात.

कलम ५५ खाली सरकार मंडळं आणि संस्थांचं स्वतंत्र मूल्यमापन करवू शकतं. तुमच्या जिल्ह्यात तसं झालंय का, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना विचारा. झालं असेल तर नमुना आयता मिळेल.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. कारागृह भेटीला नकाराचं पत्र आजच लिहायला घेतलंय. पाठवलेली सगळी मुलं मोजायची हे पचायला जड आहे, आकडे खाली येतील. पण तेच खरे आकडे असतील.

दोन प्रश्न उरलेत. गटसत्रांत अट्टल मुलं आणि पहिल्यांदाच सापडलेली मुलं एकत्र बसतात. हे बरोबर आहे का? आणि पुन्हा काही केलंस का, हे मुलालाच विचारलं तर चालेल का?

आकडेमोड

एकत्र बसवू नका. सारख्या वळणाच्या मुलांच्या गटात धाडसाच्या गोष्टींना दाद मिळते आणि वाईट वागणं वाढतं, असं संशोधनात वारंवार दिसलंय. पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी एकेकट्या भेटी आणि घरच्यांसोबतचं काम वाढवा. गट घ्यायचाच तर छोटा, हाताला काम देणारा आणि कायम एक मोठं माणूस हजर असलेला.

वकिली डायरी

विचारू शकता, पण नावासकट लिहून ठेवू नका. तो कागद उद्या कुणी मागितला तर मुलगा अडकेल. निनावी चिठ्ठी, बंद पेटी, आणि वर्षाअखेरीस फक्त एकूण आकडा. चिठ्ठ्यांवर अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नुसत्या खुणा करायला सांगा, म्हणजे लिहिता न येणाऱ्यांचीही सोय होईल.

निवृत्त परिविक्षा अधिकारी

आणि ताई, मुलांनाच एक विचारा: या वर्षात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला आणि कशाचा जाच वाटला? समुपदेशकासमोर नको, बाहेरच्या कुणाकडून विचारून घ्या. तक्त्यांचा आराखडा मी करून देतो, इथेच व्यक्तिगत निरोप पाठवा.