मदत हवी आहे: कचरा जाळण्याच्या प्रकल्पात धूर कमी करायचा, तर पैसा आधी कशावर?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, दिव्याजवळ राहते. डम्पिंगच्या आगीचा धूर आम्ही वर्षानुवर्षं गिळलाय, त्यामुळे ‘भट्टीत नीट जाळा’ म्हटलं की लोक लगेच हो म्हणतात. आमच्या सोसायट्या मिळून पालिकेला अशा प्रकल्पाबद्दल सूचना देणार आहेत. त्यासाठी जाणकारांची मदत हवी.

2016 च्या घनकचरा नियमांत डायॉक्सिनची (कचरा जळताना तयार होणारं अतिविषारी रसायन) मर्यादा तेव्हाच्या युरोपइतकीच, दर घनमीटर धुरात 0.1 नॅनोग्रॅम होती. नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूंची मात्र 400 मिलिग्रॅम. युरोपात तेव्हा मोठ्या भट्ट्यांना 200. हे वायू कमी करायला गरम धुरात युरिया फवारणं स्वस्त पडतं, पण थोडा अमोनिया बाहेर जातो. हे वायू मोडायला मदत करणारा उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट) बसवला तर धूर जास्त स्वच्छ होतो, पण खर्च मोठा, आणि बरेचदा धूर पुन्हा तापवावा लागतो, म्हणजे ऊर्जा खर्च. सक्रिय कोळशाची पूड आणि बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) डायॉक्सिन पकडतात, पण ते उडत्या राखेत उतरतं. ती राख सुरक्षित पुरण्याचा खर्च कोणाच्या माथी?

माझा कल वर्गीकरणाकडे आहे. आमच्या डब्यात पावसाळ्यात भाजीची देठं, ओल्या करवंट्या, डायपर सगळं एकत्र पाणी गळत असतं. असा कचरा भट्टी थंड करतो, आणि डायॉक्सिन मोडायला लागणारं 850 अंश तापमान टिकलं नाही तर पुढच्या महागड्या यंत्रांवरच भार येतो.

तरी, निधी तुटपुंजा असेल तर करारात आधी काय घालायला लावावं: उत्प्रेरक, की डायॉक्सिनची वारंवार तपासणी? अशा प्रकल्पात काम केलेलं कोणी असेल तर देखभालीचा खरा खर्च कशावर होतो, तेही कृपया सांगा.