लिव्हरची चरबी, आईच्या साखरेपासून

पोरांच्या लिव्हरवर चरबी दिसली की दोष फक्त चिप्स-कोल्ड्रिंकचा, असं सर्रास म्हटलं जातं. थोडं मागे जाऊया. गरोदर बाईची साखर वाढली की ग्लुकोज वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जातं, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. बाळ मग स्वतःच जादा इन्शुलिन बनवतं, साखरेची चरबी होते, आणि ती लिव्हरमध्येही साठू शकते. आईचं वजन आधीपासूनच जास्त असेल तर धोका वाढतो.

खानापूरकडे माझ्या धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाला घरोघरून कुंदा, म्हणजे बेळगावकडची दुधाची मिठाई, आला. ‘दोन जीवांची आहेस, खा गं’ म्हणत सगळ्यांनी भरवला, मीही. साखर तपासायचं कुणालाच सुचलं नाही, याची रुखरुख आजही आहे. तपासणी सोपी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशी असायची गरज नाही, म्हणजे पहाटेच्या बसने रिकाम्या पोटी बेळगाव गाठायला नको. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, ही तपासणी मात्र डॉक्टरांकडे मागून करून घ्या.

बाळंतपणानंतर अंगावरचं दूध जरूर पाजा, त्याचाही मुलाच्या लिव्हरला आधार होतो.