बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही, मग घ्यायचीच कशाला?

भाकरीवाला: डॉक्टरनी एकदा १५०/९५ बघितलं आणि लगेच गोळी लिहिली. जन्मभराचं लचांड नको म्हणून मी घेतलीच नाही. सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या, कडक भाकरी, शेंगाचटणी. आमचा आजा यावरच नव्वदी गाठून गेला.

पार्कचौक: वाचून राहवलं नाही. आमचे अण्णा पण हेच म्हणायचे, सवय लागते. बरं वाटतंय म्हणून गड्ड्याच्या जत्रेआधी गोळी बंद केली, घरात कुणाला पत्ता नाही. संक्रांत झाली आणि एका सकाळी चहाची बशी उजव्या हातातून निसटली, उचलायला वाकले तर बोटंच वळेनात, तोंड वाकडं. लकवा. तीन वर्षं झाली, शर्टाची बटणं मी लावतो. गोळीची सवय लागत नाही हो, बीपी जात नाही म्हणून गोळी चालू ठेवायची. पाय सुजले, चक्कर आली तर डॉक्टर बदलून देतात, पण आपल्या मनानं बंद नाही करायची.

भाकरीवाला: अण्णांचं वाईट वाटलं. पण मी जिना चढून गेलो, बसायच्या आत पट्टा गुंडाळला. त्याला काय अर्थ आहे?

पूर्वभाग_सून: एवढं तुमचं बरोबर. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर, आधी अर्धा तास चहा नाही. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. १३५/८५च्या वर येत राहिलं तर वही घेऊन डॉक्टरकडं जा. पण शेंगाचटणी औषध म्हणून सांगू नका, उखळात मीठ मीच टाकते, मला माहितेय किती पडतं. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत पाहिजे, म्हणजे चहाचा एक चमचा.

हुरडा_पार्टी: काय बोलूलालाव ताई! पापड, लोणचं, फरसाण सोडून चटणीवर घसरलात? मिक्सरची खात असाल, तिला चव नसते म्हणून मीठ लागतं.

पूर्वभाग_सून: उखळ म्हणाले ना मी? नीट वाचा आधी. सासऱ्यांसाठी निम्मं मीठ घालून लसूण-जिरं वाढवते, ताट चाटूनपुसून साफ करतात.

जुळे_सोलापूर: चटणीचं काय घेऊन बसलाय, आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी, ते पण रात्री दोनला. बादल्या भरून झोप कुठली, बीपी चढणार नाही तर काय?

पार्कचौक: झोपमोडीनं चढतं, मान्य. पण म्हणून गोळी सोडायची का?

भाकरीवाला: बरं बाबा, मशीन आणतो. आठवडाभर लिहितो. कमी आलं तर इथंच येऊन सांगणार.

पार्कचौक: जास्त आलं तरी सांगा.

हुरडा_पार्टी: ताई, किलोभर शेंगांना मीठ किती घालता ते लिहा. आईचं पण १६०च्या खाली येईना.