कायदा मोडला की माणूस गुन्हेगार ठरतो का? आणि वाईटही?

शंकेखोर:
"कायदा मोडला म्हणजे गुन्हेगार, आणि गुन्हेगार म्हणजे वाईट माणूस" असं सर्रास बोललं जातं. या दोन्ही उड्या मला लांबच्या वाटतात, पण गफलत नेमकी कुठे आहे ते मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

फौजदारी_बाजू:
पहिली उडी घ्या. करार मोडणं हेही कायद्याविरुद्धच, पण मामला दिवाणी. भरपाई दिली की मिटलं. फौजदारीत एरवी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: कृत्य, आणि त्यामागचं मन, म्हणजे हेतू, जाणीव किंवा निदान बेफिकिरी. दुसऱ्याची छत्री आपली समजून उचलली, तर ती चोरी नाही. आपली नाही हे कळल्यावरही दाबून ठेवली, की प्रकरण वेगळं. शिवाय दोष सिद्ध होईपर्यंत तो आरोपी असतो, हे बातम्या देणारे रोज विसरतात.

गोची होते ती मन न बघणाऱ्या गुन्ह्यांत. वेगमर्यादा ओलांडल्यावर "काटा बिघडला होता" म्हणून सहसा सुटका होत नाही, कारण प्रत्येक चालकाचा हेतू सिद्ध करत बसलं तर नियम राबवताच येणार नाही. पण हे कुठवर ताणायचं? इंग्लंडमधल्या 'स्वीट विरुद्ध पार्सली' खटल्यात एका शिक्षिकेने भाड्याने दिलेल्या घरात भाडेकरू गांजा ओढत होते. तिला पत्ताही नव्हता, तरी ती दोषी ठरली. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) तो निकाल फिरवला: कायद्यात तसं स्पष्ट म्हटलेलं नसेल, तर दोषी मन लागतंच असं धरून चालायचं.

डावी_उजवी:
दुसऱ्या उडीला स्वीडन पुरे. तिथे वाहनं डावीकडून चालवायचा नियम बदलून उजवीकडून केला. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे ४:५० वाजता रस्त्यावरची वाहनं थांबवली, डावीकडून उजवीकडे नेली आणि पाच वाजता पुन्हा सोडली. दहा मिनिटांपूर्वी जी बाजू बरोबर होती, ती आता बेकायदा. नीतिमत्ता रात्रीत बदलली नव्हती. मात्र पाचनंतर मुद्दाम डावीकडून जाणारा वाईटच, कारण तो समोरच्याच्या जिवाशी खेळतो. म्हणजे नियम निव्वळ सोयीचा असला, तरी लोक त्यावर विसंबून वागू लागले की तो मोडण्याला नैतिक वजन येतं. हे सहसा कुणी लक्षात घेत नाही.

उलट बाजूही आहे. बुडणाऱ्या अनोळखी मुलाकडे बघत उभं राहणं इंग्लंडच्या कायद्यात एरवी गुन्हा नाही. जर्मनीत आहे (दंडसंहितेचं कलम ३२३क, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड). माणूस तोच, त्याचा निर्दयपणाही तोच.

शंकेखोर:
मग "माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही" म्हणत कुणीही कायदा मोडेल!

सत्याग्रही_नाही:
त्याला जुनी कसोटी आहे: उघडपणे मोडा, हिंसा नको, शिक्षा भोगा. १९२२ मध्ये अहमदाबादच्या राजद्रोह खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षं दिली आणि सरकारने ती कमी केली तर आपल्याइतका आनंद कुणाला होणार नाही, असंही म्हटलं. कायद्याने दोषी, पण शिक्षा देणाराच आदराने बोलतोय.

फौजदारी_बाजू:
कसोटी चांगली, पण अपुरी. 'उघडपणे' ही अट पॉल ग्रुनिंगरला लावून बघा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनचा हा पोलीसप्रमुख. ऑगस्ट १९३८ मध्ये सीमा बंद झाली, तेव्हा त्याने ज्यू निर्वासितांच्या कागदांवर प्रवेशाच्या आधीच्या तारखा घातल्या. हे जाहीर केलं असतं, तर लोक परत पाठवले गेले असते. १९३९ मध्ये नोकरी गेली, १९४० मध्ये तो दोषी ठरून दंड झाला. कोर्टाने निर्दोष ठरवलं ते १९९५ मध्ये, मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

म्हणून मी गुप्ततेपेक्षा दोन गोष्टी आधी विचारतो: फायदा कुणाच्या पदरात पडला, आणि किंमत कुणी मोजली? तत्त्वाच्या नावाखाली कर बुडवणारा पैसे स्वतःच्या खिशात ठेवतो आणि खड्डा इतरांनी भरायचा असतो. तोच माणूस ती रक्कम वेगळी काढून ठेवेल आणि नोटिशीला नावानिशी उत्तर देईल, तर त्याच्याशी वाद घालता येईल. अर्थात, वसुली तरीही होणारच.