मदत हवी आहे: टर्मिनलमध्ये बॅकस्पेस दाबला की ^? उमटतं

रात्रपाळी:
मंडळी, जरा लवकर सांगा. सर्व्हरवर बॅकस्पेस दाबला की अक्षर खोडलं जात नाही, पुढे ^? उमटतं. बाकी सगळ्या सर्व्हरवर नीट चालतंय, फक्त याच्यावर नाही. कीबोर्ड बदलून झाला. खरा वैताग पासवर्डचा आहे. एखादं अक्षर चुकलं म्हणून बॅकस्पेस मारावा तर तोही पासवर्डातच जातो, आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. तीनदा चुकलं की खातं लॉक. मग तिकीट टाका आणि कुणी उघडून देईपर्यंत बसून राहा. कोणतं सेटिंग करायचं तेवढं नेमकं सांगा.

खटपट्या:
कोणता सर्व्हर? कशावरून जोडता? शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) कोणता? यातलं एकही लिहिलेलं नाही, नेमकं कसं सांगणार?

वाटाड्या:
सोपं आहे. होम डिरेक्टरीत .इनपुटआरसी नावाची फाइल करा आणि त्यात होम, एंड, डिलीट या कींचे एस्केप कोड लिहून टाका. नव्या मशीनवर मी पहिलं काम हेच करतो. होम दाबल्यावर ओळीच्या सुरुवातीला जाता येणं हे फार मोठं सुख आहे.

रात्रपाळी:
मला होम-एंड नकोय, बॅकस्पेस हवाय. तरी फाइल करून पाहिली, काही फरक नाही. विंडोजवरून पुटी या टर्मिनल प्रोग्रामने जोडते, एसएसएच (सुरक्षित दूरजोडणी).

खटपट्या:
आणि पलीकडे काय आहे?

रात्रपाळी:
एआयएक्स, म्हणजे आयबीएमचं युनिक्स. कॉर्न शेल. खातं सगळ्या शिफ्टचं मिळून एक आहे, आणि एसयू करताना (दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यात शिरताना) पासवर्ड लागतो.

खटपट्या:
हे आधीच सांगायचं ना! .इनपुटआरसी रीडलाइन ही ओळ-संपादनाची लायब्ररी वाचते, म्हणजे ती वापरणारे बॅश वगैरे. कॉर्न शेल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि पासवर्ड विचारला जातो तिथे शेलचा संबंधच नसतो, तिथली खोडाखोड कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, टीटीवाय (टर्मिनल) ड्रायव्हर करतो. वाटाड्या, न विचारलेल्याचं उत्तर देऊ नका.

वाटाड्या:
प्रश्नात शेलचं नाव नव्हतं. दहापैकी नऊ जण बॅशच वापरतात, म्हणून तसं लिहिलं.

जुनाजाणता:
आधी दोन गोष्टी करून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा. पहिली, कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस दाबा. दुसरी, टर्मिनलची सेटिंग दाखवणारी ही आज्ञा चालवा:

एसटीटीवाय -ए

यात ‘इरेज’पुढे (खोडण्याचा कोड) काय लिहिलंय?

रात्रपाळी:
पहिल्यात ^? आलं. दुसऱ्यात इरेज = ^एच.

जुनाजाणता:
तिथेच गाठ आहे. तुमची की १२७ हा कोड, म्हणजे ^?, पाठवते, आणि पलीकडची टीटीवाय ८ या कोडची, म्हणजे ^एचची (कंट्रोल-एचची), वाट बघत बसली आहे. तिच्या लेखी १२७ हे एक साधं अक्षर, म्हणून ते पासवर्डात जातं.

हे दोन कोड छिद्रं पाडून अक्षरं नोंदवायच्या कागदी पट्टीच्या काळापासून चालत आलेत. ८ म्हणजे नुसतं एक घर मागे सरकणं. १२७ म्हणजे सातही छिद्रं पाडणं. पट्टीवर पडलेलं छिद्र बुजवता येत नाही, म्हणून चुकीच्या अक्षरावर उरलेली सगळी छिद्रं पाडायची आणि वाचणाऱ्या यंत्राने ते अक्षर सोडून द्यायचं. पुढे काही टर्मिनलनी बॅकस्पेसला ८ दिला, काहींनी १२७. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या धोरणातच १२७ लिहून ठेवलंय, त्यामुळे लिनक्सवाल्यांना हा त्रास क्वचित होतो. एआयएक्सचा मूळ कल ^एचकडे आहे.

आज रात्रीपुरतं सांगतो. पुटीत शिफ्ट धरून बॅकस्पेस दाबलात तर दुसरा कोड जातो. आणि पासवर्ड टाकताना शंका आली तर कंट्रोल-यू दाबा, टाइप केलेलं सगळं पुसलं जाईल, मग पहिल्यापासून टाका.

रात्रपाळी:
शिफ्ट-बॅकस्पेस चालला!! कंट्रोल-यूसुद्धा. आता कायमचं कसं करायचं?

खटपट्या:
पुटीत टर्मिनल, त्याखाली कीबोर्ड, तिथे बॅकस्पेससाठी कंट्रोल-एच निवडा. फक्त त्या सर्व्हरच्या सेशनमध्ये सेव्ह करा. काम झालं.

जुनाजाणता:
असहमत. ईमॅक्स या एडिटरमध्ये कंट्रोल-एच म्हणजे मदत. कुणी त्या सेशनमधून ईमॅक्स उघडलं तर बॅकस्पेस दाबला की मदतीची खिडकी समोर येऊ शकते. शिवाय एसएसएच जोडताना पुटी स्वतःच पलीकडे सांगतं की माझं इरेज १२७ आहे. ते सांगूनही ^एच दिसतंय, म्हणजे नंतर कुणीतरी ते बदलतंय. रात्रपाळी, त्या खात्याच्या .प्रोफाइलमध्ये (लॉगिन होताना चालणारी फाइल) एसटीटीवाय शोधा.

रात्रपाळी:
सापडलं! मधेच एक ओळ आहे, ‘एसटीटीवाय इरेज ^एच’. पण सामायिक खातं आहे, मला बदलायची परवानगी नाही.

खटपट्या:
म्हणूनच म्हणतो, आपल्या बाजूने सोडवा. दुसऱ्याच्या .प्रोफाइलला हात लावला आणि कुणाचा जुना टर्मिनल एम्युलेटर ^एच पाठवत असला, तर उद्या तो इथे धागा काढेल.

जुनाजाणता:
एसएसएचने येणारा प्रत्येक चांगला क्लायंट आपलं इरेज सोबत घेऊन येतो. ती ओळ सगळ्यांचं म्हणणं पुसून टाकते. ती काढणंच योग्य. ठेवायचीच असेल तर निदान अशी ठेवा, म्हणजे टर्मिनल असेल तरच ती चालेल:

[ -टी ० ] && एसटीटीवाय इरेज ^एच

नाहीतर क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) ‘एसयू -’ने काही चालवलं की टर्मिनल नाही म्हणून एसटीटीवाय एरर देतं, आणि तो लॉगमध्ये साचत राहतो.

रात्रपाळी:
हो, क्रॉनच्या लॉगमध्ये तसा एरर रोज दिसतो! त्याचं मूळ इथे असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

सफरचंद:
मॅकच्या टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘डिलीटने कंट्रोल-एच पाठवावं’ असा चौकोन असतो. मॅक घ्या, सुखी व्हा.

नवशिकी:
अवांतर: माझं टर्मिनल मधूनच गोठतं, काही टाइप होत नाही. खिडकी बंद करूनच सुटका. हेच कारण असेल का?

खटपट्या:
नाही. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबला जात असेल, त्याने आउटपुट थांबतं. कंट्रोल-क्यूने सुटेल. कायमचं नको असेल तर ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’.

देवनागरीप्रेमी:
बॅकस्पेसचा विषय निघालाच आहे तर मराठीचंही बघा. ‘कॅट’ ही आज्ञा चालवून ‘क्षि’ टाइप करा. त्यात चार कोड आहेत, अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत बारा बाइट. लिनक्सवर एसटीटीवायचं आययूटीएफ८ (इनपुट यूटीएफ-८ आहे असं मानायचं सेटिंग) बंद असेल तर बॅकस्पेस एकेक बाइट खातो आणि अर्धवट कचरा उरतो. चालू केलं तर वेलांटी, ष, हलन्त, क असं क्रमाने जातं. पण कर्नल प्रत्येक कोडला पडद्यावर एक घर मोजतो, वेलांटीलाही, त्यामुळे कर्सर भलतीकडे जातो. टर्मिनलमध्ये मराठी लिहिणाऱ्यांनी हे सोसत राहायचं का?

खटपट्या:
याचा वेगळा धागा काढा, महत्त्वाचं आहे. इथे बुडेल.

रात्रपाळी:
सध्या पुटीत त्या एका सेशनला कंट्रोल-एच केलंय, आमच्या शिफ्टमध्ये ईमॅक्स कुणी वापरत नाही. एसयूचा पासवर्ड मुद्दाम चुकवून खोडून पाहिला, नीट आत गेले. .प्रोफाइलमधली ओळ काढायची विनंती क्रॉनच्या एररसकट ॲडमिनकडे दिली आहे. ती ओळ निघाली की पुटीचं सेटिंग परत १२७ वर न्यावं लागेल का?

जुनाजाणता:
न्या. न नेलंत तरी चालेल, पुटी जे पाठवेल तेच पलीकडे सांगेल. पण १२७ केलंत तर सगळे सेशन एकसारखे राहतील.

नवशिकी:
कंट्रोल-क्यूने सुटलं! धन्यवाद.