वार पडण्याची वाट न पाहता चीक पाजावा

शेळी व्याल्यावर वार (गर्भाला पोसणारे आवरण, जे विल्यानंतर बाहेर पडते) पडेपर्यंत करडांना पाजू नये, हे मत आमच्या खान्देशात आजही अनेक घरांत पाळले जाते. परंतु त्यापायी चांगली करडे दगावतात, म्हणून कळकळीने लिहीत आहे. शेळीची रोगप्रतिकारके गर्भातील पिल्लाला वारेतून मिळत नाहीत, ती चिकातूनच, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत २४ तासांत जवळजवळ संपते. त्यामुळे पहिला चीक तासाभरातच पोटात जायला हवा, आणि दिवसभरात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २ किलोच्या करडाला साधारण २०० मिली. शिवाय करडू आचळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन स्रवून गर्भाशय आकुंचन पावते, म्हणजे वार पडायला मदतच होते. १२ तासांनंतरही ती अडकलेली असल्यास ओढू नये, पशुवैद्यकांना बोलवावे.

जून-जुलैत फळलेल्या शेळ्या सुमारे १५० दिवसांनी, नोव्हेंबर-डिसेंबरात वितात, आणि यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तेव्हा पहाटेची थंडी बोचरी असते. ओले आणि उपाशी करडू तिच्यात तग धरत नाही. त्याला लगेच कोरडे पुसावे व नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. जुळ्या-तिळ्यांतले अशक्त करडू मात्र स्वतः आचळाला धरून पाजावे, कारण धट्टी भावंडे त्याला जवळ येऊ देत नाहीत.